ढकललं तर वाहतो, ओढलं तर तुटतो

शॉपवर नवीन इंजिनिअर आला की मी त्याला एक हिशेब घालतो. तार डायमधून, म्हणजे आकार देणाऱ्या साच्याच्या भोकातून, ओढायची आहे, एका पासमध्ये, म्हणजे एका ओढीत, तिचा छेद (आडव्या कापाचं क्षेत्रफळ) जास्तीत जास्त किती कमी करता येईल? कोणी डायचा कोन विचारतो, कोणी वंगण, बरेच जण मशीनची ताकद. ताकद हवी तेवढी घ्या, मी म्हणतो. तरी उत्तर ६३ टक्क्यांवर अडकतं.

कारण ओढण्याचा सगळा भार डायमधून बाहेर आलेल्या बारीक तारेवरच पडतो. आतल्या धातूचा आकार बदलायला लागणारा ताण तिला पेलवला पाहिजे. नाही पेलवला, तर डायमध्ये काम व्हायच्या आधी बाहेरची तारच लांबते आणि तुटते. घर्षण शून्य धरलं, धातू काम करताना कठीण होत नाही असंही धरलं, तरी आधीच्या आणि नंतरच्या छेदाचं गुणोत्तर २.७१८ च्या पुढे जात नाही. प्रत्यक्षात ओळीने डाय लावलेल्या मशीनवर पासमागे ३० टक्के किंवा त्याहून कमी घ्यायचं, आणि तार फार कडक झाली की मध्ये ॲनीलिंग, म्हणजे तापवून पुन्हा मऊ करणं.

(कडक होण्यावरून आठवलं. ‘हॉट’ आणि ‘कोल्ड’ वर्किंग हाताला लागणाऱ्या चटक्यावर ठरत नाही. धातूचे कण पुन्हा नव्याने तयार होऊ लागतात ते तापमान ओलांडलं की हॉट. शिसं तुम्ही हाताने वाकवलंत तरी ते हॉट वर्किंग, आणि टंगस्टन १००० अंश सेल्सिअसला लालभडक असला तरी कोल्ड.)

आता ओढायचं सोडा आणि मागून ढकला. ४५० अंशांच्या आसपास तापवलेलं ॲल्युमिनियमचं बिलेट, म्हणजे भरीव ठोकळा, कंटेनरमध्ये घालून रॅमने, म्हणजे मागून दाबणाऱ्या दांड्याने, डायकडे रेटलं की एकाच झटक्यात छेद ४० पट कमी होणं ही रोजची गोष्ट आहे. मऊ मिश्रधातूंत आकडा शंभराच्याही वर जातो. धातूला मागून रॅम आणि चहूबाजूंनी कंटेनरची भिंत. तुटायला वावच नाही, वाट फक्त डायच्या तोंडातून.

याला टूथपेस्टची उपमा देतात. मला ती पटत नाही, कारण बिलेट शेवटपर्यंत घन असतं. पोकळ सेक्शन काढायची डाय उघडून बघा. मधला मँड्रेल, म्हणजे पोकळीला आकार देणारा खुंटा, पुलांसारख्या पट्ट्यांवर तोललेला असतो. त्या पुलांपाशी धातूचे तीन-चार प्रवाह होतात आणि पुढे मँड्रेलभोवती ते पुन्हा एकमेकांना चिकटतात, न वितळता. हवेचा स्पर्श न झालेले ताजे पृष्ठभाग प्रचंड दाबाखाली एकत्र आले की घन स्थितीतच सांधा होतो. तुमच्या खिडकीच्या ॲल्युमिनियम चौकटीत असे सांधे लांबीभर असतात आणि ते सहसा कोणाला दिसत नाहीत.

फोर्जिंगमध्येही, म्हणजे तापलेला धातू दोन डायमध्ये चेपून घडवण्यातही, दाबाचाच खेळ. दोन डायच्या फटीतून बाहेर येणारी पातळ कड, म्हणजे फ्लॅश, नंतर कापून टाकतात, म्हणून हिशेब बघणारे लोक तिच्याकडे डोळे वटारून बघतात. पण ती पातळ असल्यामुळे लवकर थंड होते, घट्ट होते आणि बाहेरची वाट अडवते. आतला दाब चढतो आणि धातू नाइलाजाने डायच्या अरुंद कोपऱ्यांत शिरतो. फ्लॅशची जाडी चुकीची ठरवली की पहिला फटका त्या कोपऱ्यांनाच बसतो.

दाब आहे म्हणजे सगळीकडे दाबच आहे, असं मात्र नाही. साधा सळीचा तुकडा दोन सपाट डायमध्ये उभा चेपा. वरखाली घर्षणामुळे टोकं अडकून राहतात, मधला भाग फुगतो. त्या फुगवट्याच्या कातडीवर आडवा ताण येतो आणि धातू कमअस्सल असेल तर तिथे उभ्या चिरा पडतात.

माझ्या मते सगळ्यांत लबाड दोष सेंट्रल बर्स्ट, म्हणजे गाभ्यातच पडणारी भेग. सळी डायमधून ओढताना किंवा ढकलताना डायचा कोन मोठा आणि रिडक्शन, म्हणजे छेदातली घट, कमी असेल, तर आकार बदलण्याचं काम सळीच्या वरच्या थरातच उरकतं. गाभा नुसता फरफटत पुढे जातो, ताणाखाली येतो आणि आतल्या आत बाणाच्या टोकासारख्या भेगा एकामागोमाग पडत जातात. वरून सळी आरशासारखी. अल्ट्रासॉनिक तपासणी नसेल तर ती थेट ग्राहकाच्या मशीनमध्ये जाऊन तुटते.

राइनहार्ड आणि माक्स मानेसमान या भावांनी १८८५ च्या सुमारास गाभ्यातल्या याच ताणाला सीमलेस, म्हणजे बिनजोड, पाइप बनवायच्या कामाला लावलं. तापवलेला भरीव गोल बार एकमेकांना किंचित तिरप्या, एकाच दिशेने फिरणाऱ्या दोन रोलमध्ये घातला की तो स्वतःभोवती फिरत पुढे सरकतो. बाहेरून तो सतत चेपला जातो आणि त्यामुळेच मध्यभागी ताण येऊन गाभा सैल होतो, उघडायला लागतो. समोर टोकदार प्लग उभा असतो. बघणाऱ्याला वाटतं तो भोक पाडतोय, पण निम्मं काम त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच झालेलं असतं. खरी मेख प्लग कुठे उभा करायचा यात आहे. गाभा प्लगच्या फार आधी उघडला तर त्याच्या फाटक्या कडा पाइपच्या आतल्या अंगाला दुमडून बसतात, आणि मग सीमलेस पाइप आतून खवल्याखवल्यांचा निघतो.