बसायला कुठं मिळेल?

जानेवारीतल्या एका रविवारी लेकीला दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि पेन्सिलनं रेघ मारली. १०७ सेंटिमीटर. ऑगस्टअखेर फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचं नुकतंच ठरलं होतं आणि तिथल्या राइड्सच्या उंचीच्या अटी मी वहीत उतरवून घेतल्या होत्या. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ९७, सोअरिनला १०२, स्पेस माउंटन आणि एक्स्पेडिशन एव्हरेस्टला ११२. लेकीनं वहीतला शेवटचा आकडा बघितला, मग रेघ बघितली आणि म्हणाली, "आठ महिन्यांत होईन मी तेवढी." त्या दिवसापासून ती न सांगता दूध प्यायला लागली.

आम्ही पाच जण. मी, नवरा, सहा वर्षांची लेक, ऑक्टोबरमध्ये तीन वर्षं पूर्ण करणारा धाकटा आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. ऑगस्ट निवडला तो धाकट्याच्या वाढदिवसाकडे बघून. तिथं तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. तीन पूर्ण झाली की लागतं, आणि लहान मुलांचं तिकीट मोठ्यांपेक्षा थोडंच स्वस्त असतं. राहायलाही हेच कामी आलं. पॉप सेंच्युरी या डिस्नेच्याच, त्यातल्या त्यात परवडणाऱ्या हॉटेलात एका खोलीत चार जण, आणि वर पाळण्यात झोपणारं तीन वर्षांखालचं एक मूल चालतं. शिवाय फ्लोरिडातल्या शाळा ऑगस्टच्या पूर्वार्धातच सुरू होतात, त्यामुळे महिन्याच्या शेवटी गर्दी ओसरते. त्या बदल्यात ऊन आणि पाऊस सोसायचा, हे माहीत होतं.

नवऱ्यानं एक्सेलमध्ये तक्ता केला. १ ऑक्टोबर १९७१ ला हे सुरू झालं तेव्हा तिथं मॅजिक किंगडम हा एकच पार्क होता. आता चार पार्क आहेत, दोन वॉटर पार्क आहेत आणि एकूण जागा साधारण २५,००० एकर, म्हणजे शंभर चौरस किलोमीटर. तेव्हा चार दिवस, चार पार्क, सकाळी आठ ते रात्री दहा. प्रत्येक तासापुढे एक राइड. मलाही तो तक्ता आवडला होता. इतक्या लांब जायचं, इतका पैसा घालायचा, तर काहीच सुटू नये असं वाटत होतं.

सासूबाईंनी चष्मा लावून तो सगळा वाचला. "छान केलायस रे," त्या म्हणाल्या, "पण यात बसायला कुठं मिळेल?"

नवरा म्हणाला, "आई, आपण व्हीलचेअर घेऊ, तिथं भाड्यानं मिळते." त्या म्हणाल्या, "ती थकल्यावर घेऊ. मी मजेत बसायचं विचारतेय."

मला तो प्रश्न दोन दिवस सोडेना. आमच्या तक्त्यात आईंची जागा सगळीकडे बाहेरच्या बाकावर, पिशव्या सांभाळत होती. मग मी उलट्या बाजूनं शोधायला बसले : पाचही जणांना एकत्र, शेजारी शेजारी बसता येईल असं तिथं काय काय आहे? आणि ते भरपूर निघालं. मॅजिक किंगडमभोवती दीड मैल फिरणारी वाफेच्या इंजिनाची गाडी आहे. तिची चारही इंजिनं १९१६ ते १९२८ या काळात बाल्डविन कारखान्यात बनलेली आणि मेक्सिकोतल्या युकातानमधून विकत आणलेली. तिथल्या टुमॉरोलँड या भागाच्या डोक्यावरून दहा मिनिटं हळूहळू नेणारी पीपलमूव्हर ही गाडी आहे. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी केलेलं कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस आहे; त्यात आपण खुर्चीतच बसून राहतो आणि अख्खं प्रेक्षागृह रंगमंचाभोवती फिरतं. हे सगळं आधी तक्त्यात मांडलं आणि बाकीच्या राइड्स त्यांच्या आजूबाजूला बसवल्या. दुपारी एक ते पाच ही चौकट रिकामी सोडली. चौथा दिवस कोराच ठेवला. त्यासाठी हॉलिवूड स्टुडिओज हा पार्क पूर्ण वगळला. नवऱ्याला ते फार लागलं, कारण त्याच्या आवडीचं सगळं तिथंच होतं. पण तो तक्ता त्यानंच पुन्हा टाइप केला.

तयारीतल्या दोन तारखा मात्र चुकवून चालत नाही. बसून जेवायच्या चांगल्या जागांचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि तिथल्याच हॉटेलात राहणाऱ्यांना लाइटनिंग लेनच्या, म्हणजे पैसे भरून छोट्या रांगेतून जायच्या, वेळा ७ दिवस आधी घेता येतात. याच कामासाठी १९९९ मध्ये आलेला फास्टपास फुकट होता. आता रांग टाळायला वेगळे पैसे पडतात, आणि आम्ही गेलो त्याच्या महिनाभर आधी, जुलै २०२४ मध्ये, त्याची पद्धत पुन्हा बदलली होती. म्हणून आधी जाऊन आलेल्या मैत्रिणींचे या बाबतीतले सल्ले मी बाजूला ठेवले. आम्ही ते पैसे फक्त मॅजिक किंगडमच्या पहिल्या दिवसासाठी भरले. तुमची मुलं लहान असतील तर तेवढं पुरे. बाकी ठिकाणी हॉटेलच्या पाहुण्यांना मिळणारा सकाळचा अर्धा तास लवकर प्रवेश जास्त उपयोगी पडतो. त्यासाठी मुलांना साडेसहाला उठवावं लागलं तरी उठवा. खाणं बरोबर नेता येतं, पण काचेच्या बाटल्या चालत नाहीत. थंड पाणी बहुतेक खाण्याच्या काउंटरवर मागितलं की फुकट मिळतं.

पहिल्या दिवशी हॉटेलच्या बसनं थेट मॅजिक किंगडमच्या दारात उतरलो. किल्ला दिसल्यावर लेक चालायचीच थांबली. तो १८९ फूट आहे, पण त्याहून खूप उंच वाटतो, कारण वर जाल तशा खिडक्या आणि दगड लहान लहान केलेत. तिला मी हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे वर लहान माणसं राहतात." नवऱ्यानं तिला जमिनीखालची गोष्ट सांगितली. खरं तर आपण चालतो तो वरचा मजला. खाली बोगद्यांचं जाळं आहे, तिथून कामगार आणि सामान ये-जा करतं. फ्लोरिडात थोडं खणलं की पाणी लागतं, म्हणून बोगदे जमिनीच्या पातळीवरच बांधले आणि समोरचं तळं खोदताना निघालेली माती त्यांच्यावर टाकून पार्क उचलला. हे सगळं मनात आणणारा वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६ मध्येच गेला. निवृत्तीच्या वयाला पोचलेला थोरला भाऊ रॉय थांबला, त्यानं काम पुरं केलं, नावात 'वॉल्ट' घालायला लावलं, आणि उद्‌घाटनानंतर तीन महिन्यांच्या आत तोही गेला. आगगाडीत बसून हे ऐकताना आई गप्प झाल्या. नंतर गाडीनं एवढी लांब शिट्टी दिली की धाकटा त्यांच्या कुशीत शिरला.

माइन ट्रेनला रायडर स्विच वापरलं. एकानं धाकट्याजवळ थांबायचं, दुसऱ्यानं जाऊन यायचं, मग थांबलेल्यानं पुन्हा पूर्ण रांग न लावता जायचं. लेकीला दोन्ही वेळा बसायला मिळालं, त्या दिवसातला तिचा सगळ्यात मोठा आनंद तो. एक वाजता आम्ही निघालो. दारातून आत येणारे लोक आमच्याकडे बघत होते आणि क्षणभर मलाही वाटलं, हे काय करतोय आपण. खोलीत पडदे ओढले आणि पाचही जण दोन तास गाढ झोपलो. संध्याकाळी परत गेलो तेव्हा सकाळपासून थांबलेली मुलं बाबागाड्यांत रडत होती आणि आमचा धाकटा आतषबाजी होईपर्यंत टाळ्या वाजवत होता.

एपकॉट या दुसऱ्या पार्कला स्कायलायनरनं गेलो, हॉटेलजवळूनच ती तारेवरची झुलती डबी मिळते. दुपारी निघायच्या आधीच आभाळ भरून आलं. फ्लोरिडाच्या दोन्ही किनाऱ्यांवरून आत येणारे समुद्री वारे मध्यावर एकमेकांना भिडतात आणि उन्हाळ्यात जवळपास रोज दुपारी गडगडाट होतो. वीज चमकली की उघड्यावरच्या राइड्स थांबतात, स्कायलायनरही थांबतो. आम्ही द लँड नावाच्या इमारतीत शिरलो आणि लिव्हिंग विथ द लँडच्या बोटीत बसलो. चौदाएक मिनिटांची संथ सफर. पहिला अर्धा भाग देखाव्यांचा, आणि मग बोट खऱ्या काचघरांत शिरते. मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर वाढवलेल्या भाज्या, झाडासारखा वर चढवलेला टोमॅटो, मांडवाला लटकलेले भोपळे. तिथली भाजी पार्कातल्या उपाहारगृहांत वापरतात. आई बोटीच्या काठाला धरून वाकून बघत होत्या. "मुळं लोंबतायत बघ नुसती," त्या म्हणाल्या, "आणि पानाला कीड नाही." बाहेर पाऊस कोसळत होता. आम्ही उतरून पुन्हा रांगेत लागलो आणि तीन वेळा तीच सफर केली. एपकॉटच्या वर्ल्ड शोकेस या भागात मांडलेल्या अकरा देशांपैकी आमचे चारच बघून झाले.

ॲनिमल किंगडम या तिसऱ्या पार्कात सकाळी आधी किलिमांजारो सफारी. उन्हं चढण्यापूर्वी प्राणी हालचाल करतात, म्हणून ती पहिली धरावी. मग एव्हरेस्ट. राइडसाठी उभारलेला हा पर्वत २०० फुटांना जेमतेम कमी आहे. २०० च्या वर गेलं की विमानांसाठी लाल दिवा लावावा लागतो. लेकीनं मुद्दाम जाड तळाचे बूट घातले होते. मापाच्या खांबाशी उभी राहिली, मान ताणली, श्वास रोखला. तिथल्या मुलीनं वाकून दोनदा बघितलं आणि हळूच मान हलवली. बोटभर कमी पडली.

ती तिथं रडली नाही. बाहेर आल्यावर रडली. मी काही बोलायच्या आत आई म्हणाल्या, "अगं, मलाही नाही बसता येत त्यात. आपण दोघी इथं बसून बघू. तुम्ही दोघं जा रे, धाकट्याला मी घेते."

सहा वर्षांत प्रथमच आम्ही दोघंच कुठंतरी शेजारी बसलो. गाडी वर चढून तुटलेल्या रुळापाशी थांबली, मग अंधारात उलटी सुटली. मी नवऱ्याचा हात इतका घट्ट धरला की अंगठीचा वळ उठला.

खाली आलो तर बाकावर तिघांचं छान चाललं होतं. ही सगळी जागा आनंदपूर नावाच्या काल्पनिक आशियाई गावासारखी रचलेली आहे. भिंतींवर देवनागरी अक्षरं होती. लेक एकेक अक्षर लावून वाचत होती, आजी पुढचं सांगत होती, आणि पर्वतावरून गाडी खाली आली की दोघी मिळून बोट दाखवून ओरडत होत्या. "तुमची नववी होती," लेक म्हणाली. "आम्ही मोजल्या."

संध्याकाळचं जेवण ६० दिवस आधी धरून ठेवलं होतं, ॲनिमल किंगडम लॉजमधल्या सना या ठिकाणी. तिथं राहणं आम्हाला परवडणारं नव्हतं, पण जेवायला कुणीही जाऊ शकतं. खिडकीबाहेर गवताळ माळ आहे. नान आणि बरोबर वाट्यावाट्यांतून चटण्या, रायता, लोणचं आलं. आईंनी सगळं चाखलं. लोणचं दोनदा घेतलं. मग एक जिराफ अगदी काचेपासून थोड्या अंतरावर येऊन झाडाचा पाला ओढायला लागला आणि आमच्या टेबलावरचं बोलणंच थांबलं. धाकटा आजीच्या मांडीवर झोपून गेला होता. आम्ही दोन तास उठलो नाही, आणि कुणी उठवलंही नाही.

"उद्या कुठं जायचंय गं?" आईंनी विचारलं.

मी तक्ता काढून त्यांच्यापुढे धरला. उद्याची चौकट कोरी होती.