फाटक्या कडेचा नकाशा

लालबाग, रविवार, रात्र

जमिनीचे कागद शोधताना आज अण्णांच्या पत्र्याच्या ट्रंकेत कापडावर चिकटवलेला नकाशा सापडला. सर्व्हे ऑफ इंडियाचा, एका मैलाला एक इंच. कऱ्हाड आणि भोवतालचा मुलूख. खालची कडा वाळवीनं खाल्लेली. नेमकं तिथंच सर्वेक्षणाचं वर्ष छापलेलं असतं.

पलंगावर पसरला, तर अण्णा चष्मा लावून त्यावर ओणवेच झाले. कृष्णा आणि कोयना समोरासमोर भिडतात आणि पूर्वेला वळतात, ते पहिल्यांदा बोटानं गिरवलं. "कोयना चढली की कृष्णा तुंबायची," म्हणाले. नदीची निळी रेघ बारीक आहे, दोन्ही अंगांना वाळूचे ठिपके. म्हणजे उन्हाळ्यातलं पाणी दाखवलंय. ठिपक्यांलगतच्या पट्ट्यावर त्यांचं नख थांबलं. "ही मळी. पूर ओसरला की वांगी लावायचो. तसलं वांगं इथं भायखळ्याच्या बाजारात कुठलं मिळायला!"

खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघालेला कालवा आहे, आगाशिवाच्या डोंगरउतारावर उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेषांची दाटी आहे. विहिरीसुद्धा आहेत, एकेक निळा ठिपका. कुणीतरी प्लेन टेबल, म्हणजे जागेवरच नकाशा काढायचं तिपाईवरचं फळकूट, घेऊन ही सगळी शिवारं पायी तुडवली असणार. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला.

मग अण्णा स्टेशनाजवळ काहीतरी शोधायला लागले. भिंग आणून दिलं.

"अगं, ओगलेवाडी नाही यात!"

ओगल्यांचा काचकारखाना 1916चा. वाडीला नाव मिळालं ते त्यामुळं. अण्णा ज्या प्रभाकर कंदिलाखाली शिकले, तो तिथलाच. असे रंगीत नकाशे 1905नंतर निघू लागले, म्हणजे पाहणी या दहा-अकरा वर्षांतली. कडा नसताना वर्ष असं हाती लागलं याचा मला केवढा आनंद झाला.

स्टेशनापासून आमच्या गावापर्यंत तुटक रेघ आहे, पायवाटेची. मुंबईहून निघायचं, पुण्याला गाडी बदलून मीटरगेजनं पहाटे उतरायचं आणि ही वाट धरायची. एका ठिकाणी ती ओढा ओलांडते. "इथं चपला हातात," अण्णा म्हणाले, "आणि तुझ्या आजीच्या डोक्यावर ट्रंक. हीच."

उद्या फोर्टात नेऊन स्कॅन करून आणायचाय. गुंडाळायच्या आधी अण्णांनी पेन्सिल मागितली आणि फाटक्या कडेलगत बारीक अक्षरात लिहिलं: ओगलेवाडीच्या आधी.