दोन समांतर रेघा आणि प्लसचा पत्ता नाही

९ व्होल्टच्या बॅटरीतून १५ च्या आसपास व्होल्ट काढायचे, एवढंच काम होतं. अशा सर्किटला ‘चार्ज पंप’ म्हणतात. ५५५ आयसी (टायमरची चिप), दोन डायोड, दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ऑसिलेटरचा, म्हणजे व्होल्टेज सतत वरखाली करणारा भाग पहिल्याच फटक्यात चालला. घोडं अडलं ते पहिल्या कपॅसिटरपाशी.

किटबरोबर आलेल्या कागदावर त्या जागी नुसत्या दोन समांतर रेघा. दुसरी आकृती शोधली, तर तिच्यात प्लस ५५५ च्या आउटपुटकडे, म्हणजे पिन ३ कडे. तिसरीत नेमका उलटा, डायोडकडे. इलेक्ट्रोलिटिक उलटा बसला की आतला ऑक्साइडचा थर खराब होतो, गळती वाढते, कपॅसिटर तापतो, फुगतो, फुटूही शकतो. असं असताना एक अधिक चिन्ह काढायला लोकांचा हात का जड होतो, देव जाणे.

दुसऱ्या, म्हणजे आउटपुटच्या कपॅसिटरचा प्रश्नच नव्हता. त्याचा मायनस सरळ ग्राउंडला. पहिला मात्र अधांतरी: एक पाय पिन ३ ला, दुसरा दोन डायोडच्या सांध्यावर. पिन ३ कधी शून्याजवळ, कधी साडेसात-आठ व्होल्टवर. ती वर गेली की वाटतं प्लस इकडे, खाली आली की वाटतं तिकडे. कागदावर बाण काढून काढून डोकं उठलं.

शेवटी त्या जागी १ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावला. त्याला प्लस-मायनस नसतोच, त्यामुळे धोका नाही. मल्टिमीटर डीसीवर ठेवून लाल प्रोब सांध्यावर, काळा पिन ३ वर. आठच्या थोडं वर, स्थिर, आकड्यामागे वजा चिन्ह नाही. प्रोबची अदलाबदल केली की वजा आठ. पिन ३ सेकंदाला हजारो वेळा वरखाली होत होती आणि कपॅसिटरवरच्या व्होल्टेजची दिशा ढिम्म हलत नव्हती.

मग उलगडलं. पिन ३ खाली असते तेव्हा बॅटरी पहिल्या डायोडमधून सांध्याकडची बाजू भरते, ९ वजा डायोडचा ड्रॉप (डायोडमध्ये खर्च होणारं थोडं व्होल्टेज). पिन वर गेली की हा चार्ज मागे जाऊ शकत नाही, डायोड आडवा येतो. पिन भरलेल्या कपॅसिटरला जणू खांद्यावर उचलते, सांधा १६ च्या आसपास पोचतो आणि दुसऱ्या डायोडमधून आउटपुट भरतं. म्हणजे सांधा कायम पिन ३ च्या वरच. प्लस डायोडकडे, विषय संपला.

पिन ३ कडे प्लस दाखवणारी आकृतीही बरोबरच होती, पण ती ऋण व्होल्टेज काढायची! तिच्यात डायोड उलटे असतात, सांधा ग्राउंडच्या खाली जातो, आउटपुटच्या कपॅसिटरचाही प्लस ग्राउंडला येतो. नाव दोन्हीकडे ‘चार्ज पंप’च. तेव्हा आधी डायोडचे पट्टे कुठल्या बाजूला आहेत ते बघा, मग कपॅसिटर.

अजून पटत नसेल तर ५५५ काढा, दोन्ही कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचे घ्या आणि पिन ३ च्या जागची वायर हाताने एकदा मायनसला, एकदा प्लसला टेकवा. आउटपुट आधी साडेसातच्या आसपास असतं, मग १२, मग १४ च्या वर, मग पावलं लहान होत जातात. हे बघायला फार मजा येते.

हो, राहिलंच: आउटपुटचा कपॅसिटर २५ व्होल्टचा घ्या, १६ चा अगदी काठावर येतो. इलेक्ट्रोलिटिकवरचा पट्टा मायनसचा, पण टँटलमवरचा प्लसचा. हीसुद्धा कुणाची तरी कृपा. ड्रॉप खुपत असेल तर १एन५८१९ सारखे कमी ड्रॉपचे शॉटकी डायोड लावा. आणि १५ व्होल्ट दिसले म्हणून मोटर जोडायला जाऊ नका. थोडे मिलिअँपिअर ओढले की व्होल्टेज खाली येऊ लागतं.