दिवाडी, नार्वे आणि केरी: पाहुणी ताई, सोबत कुत्रा, दोन दिवस

डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारचा हा वृत्तांत. ताई पुण्याहून आलेली, मुक्काम पणजीत. सोबत कुत्रा: चार वर्षांचा, बावीस किलोचा, गावठी आणि लॅब्राडोरची सरमिसळ. दोन्ही दिवसांची आखणी एकाच हिशोबावर केली होती. सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी साडेचारनंतर कुत्र्याची वेळ, मधले तास ताईचे. बहुतेक घरांत याच्या उलट होतं. आधी निवांत नाश्ता, मग देऊळ, मग "वाटेत त्यालाही फिरवू". मग बारा वाजता कुत्रा डांबरावर धापा टाकत उभा असतो आणि पाहुणे बिचारे गाडीत एसी लावून त्याच्यासाठी ताटकळत बसतात.

तयारी आठवडाभर आधी करावी. गोव्यात गोचीड वर्षभर असते, थंडीत ती जाते हा गैरसमज. गोळी द्यायची तर आफोक्सोलेनर महिनाभर चालते, फ्लुरालेनर बारा आठवडे. फ्लुरालेनर जेवणासोबतच द्यावी, रिकाम्या पोटी ती अंगी कमी लागते. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर यातली कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. मानेवर थेंब टाकायचं औषध वापरत असाल तर आधी आणि नंतर दोन-दोन दिवस अंघोळ नको, समुद्र तर नाहीच. घरात मांजर असेल तर त्या औषधात परमेथ्रिन नाही ना, हे पाकिटावर वाचावं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या मात्र जिवावर बेततं. रेबीजच्या लशीची तारीख पाहून कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवावा. लेप्टोस्पायरोसिसची (उंदीर-गुरांच्या मुतातून पसरणाऱ्या आजाराची) लस वर्षाची असते, आणि पहिल्यांदा देताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. म्हणजे ताईचं तिकीट आल्यावर धावतपळत दिलेल्या एका डोसाचा या सहलीला उपयोग नाही.

पाण्याचा हिशोब असा: कुत्र्याला साध्या दिवशी किलोमागे साधारण 50 ते 60 मिली पाणी लागतं, बावीस किलोला सव्वा लिटरच्या आसपास. ऊन आणि खेळ धरून दुप्पट. पिण्याचं तीन लिटर आणि अंग धुवायला पाच लिटरचा वेगळा कॅन गाडीत ठेवला. शिवाय डिजिटल थर्मामीटर, बोथट चिमटा, गॉझ, पोव्हिडोन आयोडीन, चिकटपट्टी, दोन जुने पंचे आणि कापडी पट्टा. पट्टा तोंड बांधायला, कारण दुखऱ्या जागी हात लावला की आपलाच कुत्राही चावतो.

शनिवारी सव्वासहाला निघालो. निघण्याआधी तीन-चार तास खाणं नाही, नाहीतर वळणावर ओकारी ठरलेली. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता थेट धक्क्यावर जातो, तिथून दिवाडीची फेरीबोट. पायी चालणाऱ्यांना तिकीट नाही. ताई कोकण रेल्वेने येणार असेल तर करमळी स्टेशन इथून जवळ आहे. परस्पर उतरवून घेतलं तर पणजीची एक खेप वाचते.

फेरीबोटीत कुत्रे बिथरतात ते पाण्याला नव्हे, लोखंडी फळीला आणि साखळीच्या आवाजाला. फळी खाली आपटते तेव्हा कुत्रा पुढे उभा असेल तर पट्टा हिसडून पळतो, आणि मागे दुचाक्यांची रांग असते. म्हणून आधी गाड्या चढू द्याव्यात, आपण शेवटी. गळपट्ट्यापेक्षा छातीचा हार्नेस बरा, गळपट्टा डोक्यावरून निसटतो. सकाळी फळी गार असते. दुपारच्या फेरीला तीच तव्यासारखी तापते, तेव्हा कुत्रा गाडीतच बसवलेला बरा.

दिवाडीला पियेदादच्या टेकडीवर ताईला चर्च आणि खालची खाजनं (बांध घालून खाडीपासून राखलेली शेतं) बघायची होती. इथे रस्ते अरुंद, रहदारी तुरळक, चालायला उत्तम. पण खाजनाच्या बांधावर कुत्रा मोकळा सोडू नये. एकतर कुंभारजुवेच्या खाडीत मगरी आहेत. पर्यटकांना बोटीतून दाखवतात त्याच, आणि त्या काही तिथेच थांबून राहत नाहीत. मानशीजवळच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दरवाजाजवळच्या, साचलेल्या पाण्यात कुत्रा उतरवूच नये. दुसरं, भातकापणीनंतर उंदीर शेतात असतात आणि उंदरांमागे घोणस. साप चावला तर पाय बांधायचा नाही, चिरा द्यायचा नाही, चालवायचं नाही. उचलून गाडीत, आणि प्रतिविष आहे का हे फोन करून विचारूनच त्या दवाखान्याकडे. तिसरं कुसळ. डिसेंबरात गवत वाळतं आणि कुसळ बोटांच्या बेचक्यात किंवा कानात शिरतं. ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. बांधावरून उतरल्यावर चारी पंजे उघडून बघायला दोन मिनिटं लागतात. राहिलं तर आठवड्याने तिथे गाठ येते, आणि मग भूल देऊन काढावं लागतं.

दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून नार्वेला जाणारी फेरीबोट आहे. पलीकडे श्रीसप्तकोटेश्वर, कदंब राजांचं दैवत. मूळ देऊळ दिवाडीवर होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं. मग देव नार्वेला आला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. पुण्याच्या पाहुण्यांना हे सांगायला लागत नाही, तेच आपल्याला सांगतात. कुत्रा आवारात न्यायचा नाही. एकाने दर्शन घ्यायचं, दुसऱ्याने बाहेर सावलीत थांबायचं, मग अदलाबदल. "पाचच मिनिटं" म्हणून गाडीत कोंडून जाऊ नये. बाहेर तीस अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत चाळीसच्या पुढे जातं, आणि काच दोन बोटं खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

परतताना मयेचं तळं वाटेत लागतं. बघायला छान, पण कुत्र्याला पाणी मात्र आपल्याच कॅनमधलं. साचलेल्या गोड्या पाण्यात उंदीर-गुरांचं मूत मिसळतं आणि लेप्टो तिथूनच येतो. साडेदहाला घरी. कुत्रा फरशीवर पंख्याखाली आडवा, ताई जेवायला बाहेर. संध्याकाळी करंझाळ्याला अर्धा तास, इतकंच.

जेवणाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण सोमवारी दवाखान्यात येणाऱ्या कुत्र्यांची दुखणी बऱ्याचदा रविवारच्या लाडांतून आलेली असतात. पाहुण्यांना कुत्र्याचा आहार माहीत नसतो आणि कुत्र्याला नाही म्हणता येत नाही. चोरिस पाव, तळलेला बांगडा, शागुतीतलं हाड हे सगळं टेबलाखालून जातं. तेलकट चरबीचा एकदम मारा झाला की स्वादुपिंडाला सूज येते: सारख्या उलट्या, पाठ कमानीसारखी वाकवून उभं राहणं, पोटाला हात लावू न देणं. शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणून सोलकढीही नाही. मनुका आणि द्राक्षं मूत्रपिंडाला धोक्याची, आणि नाताळचा केक घरोघर फिरत असतो तेव्हा हे विशेष लक्षात ठेवावं. त्यावर एक सोपी युक्ती: कुत्र्याच्या रोजच्या खाण्यातलं मूठभर बाजूला काढून डब्यात भरून ताईच्या हाती द्यायचं. लाड तिचे, खाणं त्याचं. (मार्च ते मे आलात तर काजूच्या बागा टाळा. खाली पडून आंबलेल्या बोंडूंनी कुत्र्याला खरोखर चढते, आणि कच्च्या बियांच्या सालातल्या तेलाने तोंड भाजतं.)

रविवारी केरीचा किनारा. मोरजी आणि मांद्रे मुद्दाम टाळले. दक्षिणेला जाणाऱ्यांनी आगोंद आणि गालजीबागही टाळावेत. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि कुत्रे घरटी उकरतात. मोले, बोंडला, खोतीगाव, नेत्रावळी ही अभयारण्यं, तिथे कुत्रा न्यायचाच नाही. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा आजार जंगली प्राण्यांना लागतो, आणि बिबट्याला कुत्रा आवडतो. म्हणजे दूधसागरचा बेत असेल तर त्या दिवशी कुत्रा घरी.

पणजीहून केरीला दीड तास धरावा. भरतीचं वेळापत्रक आदल्या रात्री बघावं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे मागच्या रविवारची वेळ कामाची नाही. ओहोटीला ओली घट्ट वाळू मिळते, पंजांना तीच चांगली. तेरेखोल नदीच्या मुखाकडे मात्र ओहोटीचा ओढ जबर असतो. तिथे चेंडू फेकायचा नाही, किनाऱ्याच्या मधल्या भागात सुरूच्या झाडांपाशी थांबायचं. कोरड्या वाळूची परीक्षा: हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली तर कुत्रा चालेल. त्या दिवशी साडेनऊलाच ती टेकवता येईना.

समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. चेंडू आणताना कुत्रा दर वेळी घोटभर गिळतोच. म्हणून दहा मिनिटं खेळ, मग सावलीत गोडं पाणी, आणि असे तीनच फेरे. पातळ जुलाब एकदा झाले तर फार नाही. पण सारख्या उलट्या, झोकांड्या, अंगाला थरथर म्हणजे रक्तात मीठ वाढलं. अशा वेळी दोन लिटर पाणी एकदम पाजू नये, घोटघोट द्यावं आणि थेट डॉक्टर गाठावा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढून झाल्यावर टाकून दिलेल्या मासळीत केंड हा विषारी मासा असतो, फुगलेला, मेलेला. त्याचं विष वाळल्यावरही राहतं. म्हणून "सोड" ही आज्ञा घरी पक्की झाल्याशिवाय कुत्र्याला किनाऱ्यावर मोकळं सोडू नये.

ताई फेरीबोटीने पलीकडे तेरेखोलचा किल्ला बघून आली. किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांचा, 1746 मध्ये पोर्तुगीजांकडे गेला, आणि 1954 च्या सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा लावला. तेवढा वेळ कुत्रा सुरूच्या सावलीत होता.

धाप आणि उष्माघात यांतला फरक सगळ्यांना कळायला हवा. सावलीत दहा मिनिटं बसूनही धाप कमी होत नाही, जीभ रुंद होऊन लाल-जांभळी दिसते, लाळ दोरीसारखी चिकट होते, हिरड्या कोरड्या लागतात. मग थर्मामीटर गुदद्वारात लावून बघायचं. कुत्र्याचा सामान्य ताप 101 ते 102.5 फॅरनहाइट. 104 च्या पुढे असेल तर आधी गार करायचं, गाडी नंतर. नळाचं किंवा कॅनमधलं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओतत राहायचं आणि वारा घालायचा. ओला पंचा पांघरून ठेवू नये, खाली वाफ कोंडते. 103 ला थांबायचं, नाहीतर ताप घसरून खाली जातो. नंतर कुत्रा ताजातवाना दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं, मूत्रपिंडाचं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. चपट्या नाकाचे पग, बुलडॉग असतील तर साडेआठलाच घरी फिरावं. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांतलं काहीही देऊ नये.

घरी आल्यावर आधी गोड्या पाण्याने मीठ-वाळू धुवायची, मग कान. लोंबत्या कानात पाणी राहिलं की तीन-चार दिवसांत आंबूस वास आणि खाजवणं सुरू होतं. बोटाला गॉझ गुंडाळून बोट जाईल तितकंच पुसायचं. काडी नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको.

मग गोचीड. बोटं केसांत उलटी फिरवत कान, पापण्या, गळपट्ट्याखाली, काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली. शनिवारी नार्वेहून आल्यावर तीन निघाल्या, तिन्ही डाव्या पुढच्या पंजात. चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही. रॉकेल किंवा काडीपेटी तर नकोच, त्याने ती पोटातलं आतच ओकते. काढलेली स्पिरिटच्या बाटलीत टाकायची, नखाने चिरडायची नाही. गोचिडीतून येणारा एर्लिकिया हा जंतू ती चिकटल्यापासून काही तासांतच आत शिरू शकतो, त्यामुळे "उद्या बघू" चालत नाही.

तारीख कॅलेंडरवर लिहून तीन आठवडे पहारा ठेवायचा, ताई परत जाऊन पुण्यात कामालाही लागलेली असते तेव्हा. रोज सकाळी हिरडी बोटाने दाबून सोडायची, दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. खाणं टाकलं, ताप 103 च्या वर, हिरड्या फिक्या, नाकातून रक्त किंवा लघवी काळ्या चहासारखी, यांपैकी एकही दिसलं तर रक्ताची तपासणी प्लेटलेटसह करून घ्यायची आणि काचेवरचा रक्ताचा नमुना बघायला सांगायचं. एर्लिकियाला डॉक्सीसायक्लिन साधारण 28 दिवस चालतं. चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागला म्हणून गोळ्या थांबवू नयेत. गोळी रिकाम्या पोटी किंवा दुधासोबत द्यायची नाही. भाताच्या गोळ्यात घालून वर दोन घोट पाणी, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण करते.