आगळ आणि ऑकलंडची भट्टी

पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी कटाच्या आमटीला, तांदूळ धुतले की धुवण माडाच्या आळ्यात. आमच्या मालवणकडच्या घरांत मोरीत सहसा काही जात नाही. पण ही झाली काटकसर. मागचं पाणी खास चवीसाठी राखायचं, हा प्रकार वेगळा. तो बघायचा तर एप्रिल-मेमध्ये कोकमं फोडायला बसलेल्या बायकांकडे जावं.

कोकम फोडायचं, बिया आणि गर एका भांड्यात, सालं दुसरीकडे. गरावर मीठ पडलं की रस सुटतो, तेच आगळ. सालं उन्हात टाकायची, मग त्या रसात बुडवायची, निथळून पुन्हा उन्हात. हे एक पुट. पहिल्या पुटाची सालं लालबुंद दिसतात, पण चाखली तर नुसती आंबट. तिसऱ्या-चौथ्या पुटाला ती काळपट, चिवट होतात, बोटांना चिकटतात. रसही तोवर पहिला राहिलेला नसतो. घाईघाईने एकाच पुटात उरकलेली आमसुलंही बाजारात मिळतात. रंगाला झकास, आणि कढीत टाकली की तळाशी नुसती पडून.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. तो ऑकलंडला असतो. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून घरच्यापुरती दारू गाळायला कायद्याची आडकाठी नाही. विकायची मात्र नाही. (आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, तेव्हा वाचणाऱ्यांनी परसात चूल मांडू नये.) त्याने गॅरेजात तांब्याचं भांडं बसवलंय आणि मका नि मोड आणलेलं जव घेऊन व्हिस्की गाळतो. व्हिडिओ कॉलवर बघितलं तर भट्टी विझली होती आणि हा भांड्यात उरलेलं तपकिरी, आंबूस पाणी गाळून डब्यात भरत होता.

"शी! ता कित्याक ठेवतस? ओतून टाक."

"मावशे, ह्या टाकूचा नसता गो. ह्याच्यातच तर चव आसा."

दारू वाफेबरोबर गेलेली, मग राहिलं काय? मेलेलं यीस्ट, धान्यातला न आंबलेला अंश आणि भरपूर आंबटपणा. पुढच्या खेपेला मका शिजवताना तेवढं साधं पाणी कमी करून हे घालायचं. आंबटपणामुळे नको ते जिवाणू दबतात, यीस्टला तो मानवतो, आणि मागच्या खेपेची चव पुढच्या खेपेत उतरते. पहिली खेप त्यामुळे नेहमी जरा पोरकीच लागते, असं भाचा म्हणतो. दोन-तीन खेपा गेल्या की चव बसते. मी त्याला म्हटलं, अरे, ही पुटंच की!

अमेरिकेतल्या केंटकीत व्हिस्की गाळायची ही रीत जुनी. कॅथरीन कार्पेंटर नावाच्या बाईची १८१८ सालची कृती आजही तिथे जपून ठेवलेली आहे. पुढे स्कॉटलंडहून आलेल्या जेम्स क्रोने थर्मामीटर आणि द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर लावून त्याच रीतीचं मोजमाप बसवलं. क्रोचं नाव बाटल्यांवर चढलं, बाईचं कागदात राहिलं. कोकमं फोडणाऱ्या बायकांना यात काही नवल वाटायचं नाही. जमैकातले रमवालेही भांड्यातलं हे पाणी राखतात, त्याला डंडर म्हणतात. आपल्या शेजारी गोव्यात तर उर्राक, म्हणजे पहिल्यांदा गाळलेली काजूची दारू, काजूच्या ताज्या रसात मिसळून पुन्हा गाळायचा आणि फेणी करायची, अशी जुनी पद्धत. तिथल्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याच्या अलीकडे, आमच्याकडे, तीच काजूची बोंडं झाडाखाली कुजतात आणि मे महिनाभर वास सुटलेला असतो. असो.

मात्र राखायचं म्हणून सगळंच राखलं तरी फसतं. भाचा साधारण पाव हिस्साच घालतो. त्याहून फार वाढवलं तर आंबटपणा नि क्षार इतके साचतात की यीस्टच गुदमरतं, पिंप तसंच थंड पडून राहतं. आमसुलांचंही तेच. हावरटासारखी पुटं देत बसलं आणि मध्येच मळभ आलं तर सालं वाळायच्या आधी बुरसतात.

मग उरलेल्या पाऊण हिश्शाचं काय करतोस, हे मी विचारलंच. स्कॉटलंडच्या भट्ट्यांमध्ये हे पाणी आटवून गुरांच्या खाद्यात घालतात, पण ऑकलंडच्या गॅरेजवाल्याकडे गुरं कुठली? निवल्यावर कंपोस्टच्या खड्ड्यात ओततो म्हणाला. वर मलाच आगळ पाठवायला सांगितलं, पुढच्या खेपेला कपभर घालून बघायचंय त्याला. मी बाटली भरून ठेवली आहे. त्याच्या व्हिस्कीची बाटली इकडे कधी येणार विचारलं, तर म्हणतो, कस्टमवाले सोडणार नाहीत गो मावशे.