अरब उठावांमागे कोणाचा हात होता?

‘अरब देशांतले २०१०-११ चे ते उठाव खरंच लोकांचे होते, की सगळं अमेरिकेनं घडवून आणलं?’ पश्चिम आशियाबद्दल काही लिहिलं की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याचं उत्तर बहुधा आधीच ठरलेलं असतं. तरी तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

उठाव लोकांचेच होते. ट्युनिशिया पेटलं तेव्हा फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्री तिथले राष्ट्राध्यक्ष बेन अलींच्या पोलिसांना मदत देऊ करत होत्या; हे काही कट रचणाऱ्यांचं लक्षण नव्हे. बाहेरचे शिरले ते नंतर, आणि कोणाची बाजू घ्यायची ते देश बघून ठरवलं.

मार्च २०११ चा एकच आठवडा बघा. बहारीनमध्ये राजवटीविरुद्ध उठलेले लोक राजधानी मनामाच्या लुलू (म्हणजे मोती) चौकात महिनाभर ठाण मांडून होते. १४ मार्चला सौदी चिलखती गाड्या समुद्रावरच्या २५ किलोमीटरच्या पुलावरून आत आल्या. सौदीचे हजारेक सैनिक, अमिरातीचे पाचएकशे पोलीस. बहारीनची बहुसंख्य प्रजा शिया, राजघराणं सुन्नी. आणि पुलापलीकडे सौदीच्या पूर्व प्रांतात तेलही आहे आणि शिया वस्तीही. खरा घोर तो होता. पण उठावामागे हात आहे म्हणून नाव घेतलं शिया इराणचं. पुढे या घटनांच्या चौकशीसाठी राजानंच नेमलेल्या बसिओनी आयोगाला सरकारच्या पुराव्यात इराणचा ठोस दुवा काही सापडला नाही.

१६ तारखेला चौक रिकामा केला आणि १८ ला तिथला मोत्याचा मनोराच पाडला. सहा आखाती देशांच्या एकीची खूण म्हणून तो बांधला होता! पाडताना कमान कोसळली आणि एक परदेशी क्रेनचालक तिच्याखाली चिरडला. मनोऱ्याचं चित्र असलेलं पाचशे फिल्सचं नाणंसुद्धा मागे घेतलं. अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचं मुख्यालय याच मनामात. वॉशिंग्टननं संयमाचं आवाहन केलं, पुढे काही नाही.

आता लिबिया. तिथे हुकूमशहा गद्दाफीविरुद्ध बंड पेटलं होतं. १२ मार्चला अरब लीगनं तिथे उड्डाणबंदी मागितली, १७ ला सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक १९७३ मंजूर केला, १९ ला फ्रान्स, ब्रिटन, अमेरिकेचे हल्ले सुरू. ठरावात नागरिकांचं रक्षण होतं, पण मोहीम थांबली ती गद्दाफी मारला गेल्यावर. आणि अमिरात? बहारीनमध्ये उठाव मोडायला पोलीस, लिबियात बंडखोरांच्या मदतीला लढाऊ विमानं. महिना तोच!

सगळेच फौज घेऊन येतात असंही नाही. २०१३ मध्ये इजिप्तच्या लष्करानं निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मुर्सींना हटवलं, आणि काही दिवसांत सौदी, अमिरात, कुवेतनं मिळून १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. एकही रणगाडा न हलवता काम झालं. मला विचाराल तर हाच हस्तक्षेप सगळ्यात पक्का, कारण त्याला कोणी हस्तक्षेप म्हणतच नाही.

‘मग भारतानं काय केलं?’ हा पाठोपाठचा प्रश्न. लिबियाच्या ठरावावर आपण रशिया, चीन, ब्राझील आणि जर्मनीबरोबर तटस्थ राहिलो. बहारीनचा ठराव सुरक्षा परिषदेत कोणी आणलाच नाही.