सारखा, जसा, इतका: उपमेचे चार भाग आणि रोजचं इंग्रजी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत वर्ग, मैदान आणि सहलींबद्दल बाकीचे भरभरून लिहितीलच. मी लिहिते आहे मराठीच्या तासाला मिळालेल्या एका हत्याराबद्दल. उपमेय (ज्याची तुलना करायची ते), उपमान (ज्याच्याशी करायची ते), साधारण धर्म (दोघांतला सारखा गुण) आणि साधर्म्यदर्शक शब्द (तुलना जोडणारा 'सारखा', 'जसा'). उपमा अलंकाराचे हे चार भाग आपण परीक्षेसाठी पाठ केले. भाषांतराच्या कामात मला ते रोज लागतात, आणि सर्वांत जास्त लागतात ते इंग्रजीसाठी. इंग्रजी बोलणं उपमांनी खच्चून भरलेलं असतं, आणि आपल्या चुका बहुतेक वेळा या चारांपैकी एखाद्या भागातच होतात.

आधी पूर्णोपमा, म्हणजे चारही भाग हजर असलेली उपमा घेऊ. 'शी वॉज ॲज कूल ॲज अ क्युकंबर.' ती उपमेय, काकडी उपमान, 'कूल' हा साधारण धर्म आणि दोन 'ॲज' मिळून साधर्म्यदर्शक शब्द. इथे 'कूल' म्हणजे गारवा नव्हे, कठीण प्रसंगात न डगमगणं. मराठीत एकट्या 'सारखा'वर काम भागतं, म्हणून आपण दोनातला एक 'ॲज' गाळतो, आणि नेमका चुकीचा गाळतो. बोलताना पहिला 'ॲज' गळलेला चालतो: 'कूल ॲज अ क्युकंबर' सर्रास ऐकू येतं. दुसरा मात्र गळत नाही आणि त्याच्या जागी 'लाइक'ही बसत नाही. 'ॲज कूल लाइक' ही सरळ चूक आहे, आणि 'सेम लाइक' हीसुद्धा तिचीच बहीण. 'सेम'चा जोडीदार 'ॲज'च: 'द सेम ॲज'. उच्चारात दोन्ही 'ॲज' दबलेले, जवळजवळ 'अझ्' असे निघतात. जोर पडतो तो 'कूल'वर आणि 'क्युकंबर'च्या पहिल्या अक्षरावर. प्रत्येक 'ॲज' ठासून उच्चारला की वाक्य पाढ्यासारखं वाटतं.

खरी अडचण होते ती उपमानापाशी, कारण मराठीला 'अ', 'ॲन', 'द' ही भानगडच नाही. उपमान मोजता येण्याजोगं असेल तर 'अ' किंवा 'ॲन' हवाच: 'ॲज लाइट ॲज अ फेदर', 'ॲज स्टबर्न ॲज अ म्यूल', 'ॲज वाइज ॲज ॲन आउल'. मोजता येत नसेल तर काहीच लागत नाही: 'ॲज कोल्ड ॲज आइस', 'ॲज व्हाइट ॲज स्नो', 'ॲज गुड ॲज गोल्ड'. 'ॲज ओल्ड ॲज द हिल्स'मध्ये 'द' ठरलेला आहे, आणि 'ॲज ईझी ॲज पाय' नियमाला जुमानत नाही. ही दोन्ही पाठच करावीत. 'ॲज ब्रेव्ह ॲज लायन' असं लिहिलेलं दिसलं की लिहिणारा मराठीत विचार करतोय हे लगेच कळतं. उपमेयाच्या बाजूलाही या 'अ'ची एक खोड आहे. विशेषणाबरोबर नाम आलं, तर 'अ' विशेषणाच्या आधी न येता नंतर येतो: 'शी इज ॲज गुड अ प्लेयर ॲज हर सिस्टर'. 'ॲज अ गुड प्लेयर ॲज' होत नाही.

हीच उपमानं का टिकली? पुष्कळदा कारण अर्थात नसून कानात असतं. 'बिझी'ला 'बी', 'फिट'ला 'फिडल', 'राइट'ला 'रेन', 'डेड'ला 'डोअरनेल'. पहिलं अक्षर जुळलं की जोडी तोंडात बसते, म्हणजे आपला अनुप्रासच. 'डेड ॲज अ डोअरनेल' १४व्या शतकापासून लिखाणात आहे, 'कूल ॲज अ क्युकंबर' १७३२ साली छापलेल्या एका कवितेत सापडतं. खरेपणाची अट मात्र कुठेच नाही. वटवाघळांना दिसतं, तरीही 'ब्लाइंड ॲज अ बॅट' चालूच आहे. त्यामुळे या ठरलेल्या जोड्यांमध्ये आपलं उपमान घुसवू नये. 'कूल ॲज अ वॉटरमेलन' व्याकरणात बसतं, पण ऐकणारा क्षणभर अडखळतो. नवी उपमा करायचीच असेल तर पूर्ण नवी करावी.

आता लुप्तोपमा, म्हणजे चारांपैकी एखादा भाग गाळलेली उपमा. इंग्रजीत क्रियापदानंतर 'लाइक' आला की साधारण धर्म बहुधा गायब होतो आणि तो ऐकणाऱ्यानं ओळखायचा असतो. 'स्लीप लाइक अ लॉग' म्हणजे ओंडक्यासारखं निश्चल, गाढ झोपणं. 'ईट लाइक अ हॉर्स' म्हणजे भरपूर खाणं आणि 'ईट लाइक अ बर्ड' म्हणजे चिमणीएवढं खाणं. 'ड्रिंक लाइक अ फिश' हे पाण्याबद्दल नसतं, दारूबद्दल असतं. भरपूर पाणी पिणाऱ्या माणसाचं कौतुक म्हणून ते वापरलं तर अनर्थ होतो. जिथे धर्म लुप्त आहे तिथे शब्दशः भाषांतर हमखास फसतं.

कधी साधर्म्यदर्शक शब्दच उडतो आणि दोन शब्द चिकटतात: 'आइस-कोल्ड', 'रेझर-शार्प', 'पेपर-थिन', 'बोन-ड्राय'. मला हा प्रकार सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तो सरळ नामाआधी ठेवता येतो. 'ॲन आइस-कोल्ड ड्रिंक' म्हणता येतं, 'ॲन ॲज कोल्ड ॲज आइस ड्रिंक' म्हणता येत नाही.

'ॲज' आणि 'लाइक' यांची अदलाबदल झाली तर अर्थच फिरतो. 'शी वर्क्ड ॲज अ नर्स' म्हणजे ती नर्सचीच नोकरी करत होती. 'शी केअर्ड फॉर हिम लाइक अ नर्स' म्हणजे ती नर्स नव्हती, पण तिनं त्याची तशी शुश्रूषा केली. नोकरीच्या अर्जात अनुभव लिहिताना इथे 'लाइक' पडला तर तुम्ही ते काम केलंच नाही असा अर्थ होतो. 'लाइक'चा आणखी एक गोंधळ प्रश्नात होतो. 'व्हॉट इज ही लाइक?' याला आवडीनिवडीचं उत्तर द्यायचं नाही, तो माणूस कसा आहे ते सांगायचं. दिसण्याबद्दल 'व्हॉट डझ ही लुक लाइक?', तब्येतीबद्दल 'हाउ इज ही?' आणि आवडीबद्दल 'व्हॉट डझ ही लाइक?'. एका 'डझ'नं प्रश्न बदलतो, म्हणून हे चारही मोठ्यानं म्हणून घोटावेत.

आणि सगळेच 'ॲज' उपमेचे नसतात. 'ॲज गुड ॲज गोल्ड' म्हणजे अगदी शहाण्यासारखं वागणारं मूल, पण 'ॲज गुड ॲज न्यू' म्हणजे जवळजवळ नव्यासारखं आणि 'ॲज गुड ॲज डन' म्हणजे झाल्यातच जमा. 'ॲज वेल ॲज', 'ॲज सून ॲज' यांत तर उपमान शोधूच नये.

शेवटी एक बारीक खूण. पहिल्या 'ॲज'च्या आधी 'अबाउट' ऐकू आला तर सावध व्हावं. 'अबाउट ॲज यूसफुल ॲज अ चॉकलेट टीपॉट': गरम चहा ओतताच विरघळणारी किटली, म्हणजे काडीचाही उपयोग नाही. धर्म 'यूसफुल' असतो आणि उपमान त्याच्या नेमकं उलट. 'ॲज क्लिअर ॲज मड' तेच काम 'अबाउट'शिवाय करतं, तिथे 'क्लिअर' ऐकून मान डोलवायची नसते. समजावून सांगणारा माणूस तुमच्या तोंडून हे ऐकतो, तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतो.